वापसीची दुआ

अब्बा,

अम्मी गेली त्याला आता एक पावसाळा आणि एक हिवाळा झाला. तुम्हाला हे कळलं असेल की नाही, मला ठाऊक नाही. मौलवी साहेब म्हणतात, तिकडे गेलेली आपली माणसं एकमेकांना भेटतात. तसं असेल तर ती तुम्हाला भेटली असेल, आणि सलाम करायच्याही आधी तिनं काय विचारलं असेल ते मी इथे बसून सांगू शकते. "तो तुमच्याजवळ आहे का?" एवढंच. तुम्ही काय उत्तर दिलंत, ते मात्र मला सांगणारं कुणी नाही. भाई तिथे आहे की अजून इथेच कुठेतरी आहे, हे आता तुम्हा दोघांना कळून चुकलं असेल. न कळणारी मी एकटीच उरले आहे, आणि मागणारीही मीच.

दुआ मागायला मला तुम्हीच शिकवलंत. अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आपली दोन खोल्यांची जागा. लोकोशेडमधून आलात की तुम्ही आधी मोरीत बसून राखेनं हात घासायचात, तरी तळव्याच्या रेघांमधलं काळं तेल पुरतं कधी निघालं नाही. दिवस मावळल्यावरची मगरिबची नमाज झाली की तेच हात तुम्ही छातीसमोर उघडे धरायचात, आणि मी शेजारी बसून तुमचं पाहून माझे हात धरायची. "मिटू नको वं, उघडे ठेव. कोनी वाढाले आलं तं त्यानं कुठी वाढाव?" नमाज अरबीत, ती साऱ्या दुनियेची एकच; पण दुआ आपल्या बोलीत मागायची, हे तुमचंच. मदरशात आम्हाला अरबी दुआ पाठ करायला लावायचे, त्या तुम्ही म्हणायचात, पण त्यानंतर नरखेडकडच्या आपल्या गावच्या बोलीत अल्लाहशी बोलायला लागायचात, जसं शेडमधल्या एखाद्या समजूतदार मोठ्या माणसाशी बोलावं. आधी त्याची तारीफ, मग नबींवर सलाम पाठवणारा दरूद, मग आपलं गऱ्हाणं, पुन्हा दरूद, आमीन, आणि मग दोन्ही हात चेहऱ्यावरून. "चपलेचा अंगठा तुटला तरी त्यालेच मागाव. लाज काहाची?" म्हणून मी रिबिनी मागितल्या, गणिताचा पेपर सोपा मागितला. आणि एकदा वर्गातल्या एका मुलीचा पाय मोडू दे म्हणून मोठ्यानं मागितलं, तेव्हा तुम्ही माझी दोन्ही मनगटं धरून हात खाली केलेत. "कोनाच्या वाईटासाठी हे हात उचलाचे नाई." रागावला नव्हतात, पण मी त्या दिवशी जेवले नाही. आणखी एक गोष्ट तुम्ही पुन्हा पुन्हा सांगायचात, घाई करायची नाही. "मागलं आन भेटलं नाई, असं म्हनून चटईवरून उठून जाचं नाई. तो ऐकून राहिला असते." ते तेव्हा फार सोपं वाटायचं.

भाई गेला तेव्हा मी नववीत होते. सत्तर साल लागायचं होतं अजून. मॅट्रिक होऊन तो घरीच बसला होता, तुम्ही त्याच्यासाठी रेल्वेत खटपट करत होतात. आंबिया बहाराची संत्री निघाली आणि आपल्या गावच्या व्यापाऱ्याचा ट्रक कलकत्त्याला निघाला, त्याच्याबरोबर तो गेला. मुनीमाच्या हाताखाली माल मोजून उतरवायचा आणि परत यायचं, एवढंच काम. जाताना तो दारात चपला घालत होता, अम्मी त्याच्या पिशवीत दशम्या कोंबत होती, आणि तुम्ही म्हणालात, "पोहोचला का एक कार्ड टाकजो गा." तो हसला. "अब्बा, कार्ड याच्या आंधी मीच येईन." ट्रक परत आला, मुनीम परत आला. भाई आला नाही. मुनीम म्हणाला, तो दोन दिवस शहर पाहून रेल्वेनं येतो म्हणाला, रेल्वेवाल्याचाच पोरगा, मी कशाला अडवू? मुनीम काही लपवत नव्हता, हे तुम्हीही मान्य केलंत. त्या माणसाच्या डोळ्यांना पाणी होतं.

तुम्ही पास काढून कलकत्त्याला गेलात. फळबाजार, मुसाफिरखाने, दवाखाने, पोलीस चौक्या, आणि जिथे बेवारस मुडदे ठेवतात ती जागाही, असं तुम्ही नंतर कधीतरी सांगितलंत. परत आलात तेव्हा दाढी वाढली होती. अम्मी दारातच उभी होती, तिनं तुमच्या मागे पाहिलं आणि आत निघून गेली. तुम्ही खिशातून कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या काढून माझ्या हातात दिल्यात. तुम्ही म्हणालात, "दोन लेकरं हायत माह्ये. एकाले घेऊन नाई आलो, मंग दुसरीसाठी तं काई आनाव म्हनलं." त्या बांगड्या मी घातल्या. त्यांचा आवाज झाला की अम्मी मान वळवायची, म्हणून लवकरच काढूनही ठेवल्या.

त्यानंतर तुमच्या दुआत दुसरं काहीच उरलं नाही. "या अल्ला, तो कुठी बी असन, त्याले रस्ता दाखव. त्याच्या पायाले घराची याद दे. भुका असन तं कोनाच्या तरी मनात घाल, त्याले दोन घास देन." अम्मी आमीन म्हणायची, मी आमीन म्हणायची. भिंतीपलीकडच्या काकू, त्यांचे यजमान तुमच्याच शेडमध्ये, रामटेकला जाऊन भाईसाठी नारळ फोडून आल्या आणि खोबऱ्याचा तुकडा घेऊन दारात अवघडून उभ्या राहिल्या, तुम्हाला चालेल की नाही म्हणून. तुम्ही उठून उभे राहिलात. "त्याच्यासाठी मागलं ना तुम्ही, वहिनी? मंग झालं." तुम्ही तो तुकडा हातात घेतलात आणि बराच वेळ तसाच धरून होतात. काकूंच्या मुलीचं बाळंतपण अडलं तेव्हा त्या तुमच्याकडेच दुआ मागायला आल्या. ती बाई सुटली, मुलगा झाला. तुम्ही पेढा घेतलात आणि अम्मी मागच्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली. मला तेव्हा तिचा राग आला होता. आता येत नाही.

मग ती शब-ए-बरात. भाई गेल्याच्या पुढच्या वर्षीची नाही, तिच्याही पुढची. अम्मी दुपारी चण्याच्या डाळीचा हलवा हलवत होती. आपल्याकडे त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं ताटली ठेवून फातेहा द्यायची, म्हणजे कुराणातलं पढून त्याचं पुण्य त्यांना पोचवायचं, संध्याकाळी कब्रस्तानात जायचं. तुम्ही ड्यूटीवरून आलात आणि ताटल्या पाहिल्यात. आजोबांची, आजीची, अम्मीच्या वडिलांची. आणि एक जास्त.

"हे कोनाची?"

अम्मी चुलीकडेच पाहत होती. "त्याची."

"उचल ते."

"ऐकून तं घ्या—"

"तो मेला नाई! कोनी पाहिला मेलेला? कोनी माती देल्ली त्याले? उचल म्हनलं ना!"

तुमचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता, त्या दिवसाआधी आणि नंतरही. अम्मी मात्र घाबरली नाही. ती फार थकलेली होती. म्हणाली, "तुम्ही मांगून राहिले तो वापस याव म्हनून. मी बी मांगून राहिली. पर तो तिकडंच असन, अन त्याच्या नावानं कोनीच काई नाई पोचवत असन तं? साऱ्याइचे घरचे देऊन राहिले, अन माहं पोरगं एकटंच तोंड पाहत बसलं असन तं?" तुम्ही खाटेवर बसलात. ताटली तुम्ही उचलली नाहीत, तिनंही उचलली नाही, आणि फातेहा देताना भाईचं नावही कुणी घेतलं नाही. हलवा तिथेच सुकला.

तुम्ही दोघं मौलवी साहेबांकडे गेलात तेव्हा मला बरोबर नेलंत. ते मवाळ माणूस होते. म्हणाले, जो नाहीसा झाला त्याच्या मौतीची खात्री होत नाही तोवर त्याला हयातच धरायचं, जनाज्याची नमाज नाही. मग अम्मीकडे न पाहता, तिच्यासाठीच म्हणाले, "बहन, अल्लाहला माहीत आहे तो कुठे आहे. तुम्ही रहम मागा. रहम जिवंताला पण लागतो, मेलेल्याला पण." तुम्हाला ते पटलं. रस्त्यात मात्र अम्मी म्हणाली, "रहम तं मी दारावरच्या भिकाऱ्यासाठी बी मांगते. माह्या पोरासाठी मले नीट, सारं मांगू द्या ना." मी दोघांच्या मधून चालत होते, अब्बा. तुमचंही बरोबर होतं आणि तिचंही. तेव्हापासून मी तशीच दोघांच्या मधून चालते आहे.

तुमची छाती बिघडली, रेल्वेच्या दवाखान्यात तुम्ही पडून होतात. मी तोवर मराठी शाळेत मास्तरीण झाले होते. हात उचलायचीही ताकद नव्हती तुम्हाला. मी ते उचलून उघडे करून चादरीवर ठेवले, जसे तुम्ही माझे ठेवायचात. तुम्ही म्हणालात, "मी मागत आलो. माह्यामागं तू मागजो. वापसीची. सोडू नको वं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आणि पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही. तुम्ही गेल्यावर आम्ही क्वार्टर सोडून मोमिनपुऱ्यात राहायला आलो, आणि पहिल्याच संध्याकाळी अम्मीनं चटई टाकली आणि तुमच्याच शब्दांत सुरुवात केली. "या अल्ला, तो कुठी बी असन, त्याले रस्ता दाखव." नवीन घराचा पत्ताही सांगितला तिनं अल्लाहला, मशिदीच्या मागची गल्ली, निळं दार. मी विचारलं, "अम्मी, तू तर..." ती म्हणाली, "तुहे अब्बा नाई आता मांगाले. कोनी तं मांगाव." शब-ए-बरातला तुमची ताटली ती ठेवायची. भाईची तिनं पुन्हा कधी ठेवली नाही. इतकी वर्षं मीच मनात म्हणत राहिले की ती तुमच्याविरुद्ध होती.

मागच्या पावसाळ्यात तिला लकवा मारला. जीभ जड झाली, पण शेवटच्या आठवड्यात एक वाक्य तिनं जुळवून जुळवून सांगितलं. "माह्यासाठी मांगशीन, तं त्याले बी माह्यासंगंच ठेवजो. थकलो आता सारे." म्हणजे गेलेल्यांत. तिलाही मी हो म्हटलं.

सांगा आता. तुम्हालाही हो आणि तिलाही हो. पोरांनी आईबापासाठी मागितलेलं पोचतं, हे तुम्हीच शिकवलंत. तुमच्यासाठी आणि तिच्यासाठी मागताना माझी जीभ अडखळत नाही, मगफिरत म्हणजे गेलेल्याच्या गुन्ह्यांची माफी, कबरीत उजेड, जन्नत, सगळं येतं. मग भाईचं नाव येतं आणि हात नुसते उघडे राहतात. तो असेल तर आता चाळिशीचा असेल, केस पिकायला लागले असतील. त्याला परत आण म्हणावं, तर अम्मीचा थकलेला चेहरा. त्याला माफ कर, त्याची कबर रुंद कर म्हणावं, तर तुमचा तो आवाज. कोनी माती देल्ली त्याले? मौलवी साहेबांचा 'रहम' मी म्हणून पाहिला. अम्मी म्हणाली होती तसाच आहे तो, दारावरचा. मी हात चेहऱ्यावरून फिरवते आणि उठते, आणि काही मागितलंच नाही असं वाटत राहतं.

काल शब-ए-बरात होती. उन्हं आता तापायला लागली आहेत. मी शाळेतून येऊन हलवा केला, ताटल्या ठेवल्या, आणि तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजनंतर बसून पहिल्यांदाच भाईची मगफिरत मागितली. पूर्ण नाव घेऊन, तुमच्या नावासकट. अम्मीला हवं होतं तसं, नीट, सारं. आमीन म्हटलं, तोच गल्लीत कुणाचे तरी पाय वाजले. हात चेहऱ्यापर्यंत नेले नव्हते अजून, तसेच ते पुन्हा पुढे केले आणि घाईघाईनं म्हणाले, या अल्ला, तो जिवंत असेल तर हे ऐकू नको.

हे अल्लाहशिवाय कुणाला ठाऊक नाही. तुम्हाला सांगायला हवं होतं म्हणून लिहिलं, पाठवायला तर जागाच नाही.