भूमिकाचे पायमोजे

दानम्मा,

मी बिद्रीला कामावर चाललोय. पोरगी सासरी गेल्यापास्नं तू आणि पैलवान दोघंबी दारात तोंड पाडून बसलाय, हे काय बरं न्हाय. कुत्र्याचं नुसत्या दूधभाकरीवर भागत नसतंय, त्याला काम लागतंय. आधी त्याला रंकाळ्यापर्यंत पळवून आण. मग भूमिकाचे जुने पायमोजे कपाटामागं, गादीखाली, कुठंबी लपव आणि त्याला हुडकायला लाव. मोजा सापडला की भाकरीचा तुकडा दे आणि तिच्यागत मोठ्यानं ‘शाब्बास पैलवान’ म्हण की. तुलाबी बरं वाटंल.

माझ्या उशीच्या खोळीतनं त्यानं एक मोजा ओढून काढला, तर घे आणि परत तिथंच ठेव. तो खेळातला न्हाय.