खाऱ्या बोअरवरचे हौद

मी, अंगद बापूराव शिंगाडे, वय बहात्तर, धंदा शेती व शेळ्या, राहणार नांदूरघाट, ता. केज, जि. बीड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही धाकाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहितो. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या आहेत, त्यामुळे अशक्तपणात लिहिलं असं कोणी म्हणू नये.

१. राहतं घर व बँकेतली ठेव पत्नी सारजाबाई हिची. तिच्या पश्चात मुलगा परमेश्वर याची.

२. खाऱ्या बोअरची वीस गुंठे जमीन व तिच्यावरचे शेवाळाचे चारही हौद मुलगी धनश्री हिला. परमेश्वरला हौद बुजवून गाळे काढायचे आहेत. तो वाईट नाही, पण हिरवं पाणी दिसलं की नाक मुरडतो. धनश्री शेजारच्या गावातून, सासरहून रोज येऊन हौद ढवळते. दोन दिवस ढवळले नाहीत तर शेवाळ तळाशी बसून सडतं.

३. ही जमीन मी थोरला भाऊ बंकट याच्याकडून खरेदी केली. "पाणी लई गोड हाय," म्हणत त्याने बोअरजवळच्या कळशीतलं पाणी मला पाजलं. कळशी त्याने घरून भरून आणली होती. त्या वर्षी ज्वारी जळाली आणि मी अकरा वर्षं त्याच्याशी बोललो नाही. पुढे धनश्री कॉलेजातून शिकून आली, की असल्या पाण्यात शेवाळ जोमाने वाढतं आणि त्याचं तेलही निघतं. सबब तो राग मी सोडत आहे. कळशी माझ्याकडेच आहे, ती बंकटदादाला द्यावी.

४. डिझेल इंजिन परमेश्वरला. वर्षभराच्या शेवाळाचं तेल धनश्रीच्या सरांनी काढून दिलं, त्यावर ते सात मिनिटं चाललं. गाव गोळा झालं होतं. मी नाचलो, हे खरं आहे. इंजिन थंडावल्यावर सारजाबाई म्हणाली, "इंजिनाला कावून पाजता? शेळ्यायला घाला की." तेव्हापासून वाळवलेलं शेवाळ शेळ्यांच्या खुराकात जातं. दूध वाढलं, लांबलांबचे शेळीवाले हौद बघायला येतात. मी सुखात आहे.

५. आमच्यात बाप गेला की बहिणीला साडी नेसवून हक्कसोडाच्या कागदावर सही घेतात. धाकटी बहीण संगीता हिची मीही घेतली. ते चुकलं. धनश्रीकडून तसला कागद कोणीही घेऊ नये.

ठिकाण: नांदूरघाट. दिनांक: ९ जानेवारी २०२५.
सही: अंगद बापूराव शिंगाडे

साक्षीदार:
१. बंकट बापूराव शिंगाडे. कलम तीनला हरकत घेतली, मग सही केली.
२. संगीता लक्ष्मण गडदे. सहीआधी तिने मला सगळा कागद मोठ्याने वाचायला लावला. म्हणाली, "मागच्या येळी कुनी वाचून दावला नव्हता, दादा."