खानकेच्या आसऱ्याला

४ मार्च
हे सापडले! पोलिसांना नव्हे, मला. काच कारखान्यातल्या संपवाल्यांची धरपकड सुरू झाली तेव्हा सगळे मागच्या गल्लीतल्या खानकेत शिरले म्हणे. सूफी फकिरांचा मठ तो — मी कधी तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आज सासूबाईंनी डबा भरून दिला, "जा, धड आहे ना बघून ये." धड आहेत. आसऱ्याला आलेल्याला तिथे नाव विचारत नाहीत. त्यामुळे फौजदाराला तिथले प्रमुख, शेखसाहेब, खरं तेच म्हणाले — "नावं मला माहीत नाहीत."

९ मार्च
हे भांडी घासत होते! घरी पाण्याचा पेला जागचा हलवत नाहीत.

१२ मार्च
मंत्री आले. उशिरा येईल त्याने दाराशी, चपलांजवळ बसायचं, ही तिथली रीत. मंत्र्यांना कोण सांगणार? तरातरा जाऊन शेखसाहेबांच्या शेजारी बसले. शेखसाहेब मुकाट्याने उठले आणि चपलांजवळ जाऊन बसले. सगळी मंडळी तिकडे वळली. मंत्र्यांच्या वाट्याला नुसत्या पाठी. स्वयंपाकघराच्या दारात मला हसू आवरेना.

मग ते मुद्द्यावर आले — कामगार द्या, नाहीतर खानकेला कुलूप. शेखसाहेब म्हणाले, "लावा. माणसं आतच असतील." आतल्या माणसांत माझा नवरा आहे. पण खोटं कशाला लिहू, अभिमानही वाटला.

१३ मार्च
सासूबाई म्हणतात, "त्या म्हाताऱ्याच्या हट्टापायी माझा मुलगा जायचा." त्यांच्यावर चिडले. मग एकटीच रडले.

१५ मार्च
कुलूप नाही लागलं! या पंथाच्या गावोगाव खानका. सगळीकडून माणसं आली — बायका, म्हातारे, एक न्हावी तर दुकान बंद करून. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. घोषणा नाही, दगड नाही. दाराशी ताटकळलेल्या फौजदाराला शेखसाहेबांनी आत बोलावून जेवू घातलं. निवडणूक तोंडावर, एवढ्यांना कोंडायची कुणाची छाती? आमच्या पुढाऱ्यांना वर्षभर घसा कोरडा करून जमलं नाही ते या मंडळींनी नुसतं बसून केलं. मानलं बाई.

१९ मार्च
संप मिटला. खटले मागे, सगळ्यांना कामावर घेणार. सासूबाईंनी यांची चादर धुऊन टाकली. मीही उगीच दोनदा केर काढला.

२० मार्च
सगळे घरी गेले. हे नाही आले. म्हणाले, "मी इथेच राहतो." शेखसाहेबांनीही समजावून पाहिलं, ऐकलं नाही. पोलिसांनी धरलं असतं तर सोडवून तरी आणलं असतं.