ह्यांची सकाळची गोळी

६ जानेवारी २०२५, वसमत

देवळात पूजा करताना दत्ताच्या मधल्या कपाळाचं गंध ह्यांनी आज नाकावर लावलं! तेही चाचपून चाचपून. मागं उभी असलेली पोरगी पदराआड हसली. असा संताप आला मला — तिचा नाही, ह्यांचा! दिवाळीपासून सांगून राहिले, डोळे दाखवा. "अगं, गाभाऱ्यात उजेड कमी आहे." आणि खिडकीचे गज वाकडे दिसतात म्हणता ते? तिथंही उजेड कमी?

११ जानेवारी

नांदेडला जाऊन आलो. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग खराब होतोय, वयानं होतं. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली जपायची. वसमतला एसटीतून उतरल्यावर हे एवढंच म्हणाले — "पूजा कोण करील?"

स्वतःचं काय होईल ते नाही. पूजा कोण करील!

१२ जानेवारी

देवश्रीनं पुण्याहून मोबाईलवर बातमी पाठवली. लेकीला बापाची काळजी, दुसरं काय. रोज अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत हा डोळ्यांचा आजार जास्त दिसला म्हणे. अ‍ॅस्पिरिन! हृदयात स्टेंट टाकल्यापासून हे रोज सकाळी तीच तर घेतात. मीच हातावर ठेवते, तांब्या घेऊन उभी राहते! हृदयाच्या डॉक्टरकडं फोन केला तर तिथला माणूस म्हणतो, "आजी, पुढच्या तपासणीला विचारा." डोळे गेल्यावर विचारू का रे मेल्या?

१३ जानेवारी

दिवसभर भांडले. मेडिकलवाल्या अशफाकला भर दुकानात बोलले — विष विकून राहिलास तू! "काकू, चिठ्ठीवर आहे तेच देतो मी, माझी काय चूक?" घरी येऊन ह्यांच्यासमोर गोळ्यांचं पाकीट आपटलं. "विष आहे हे! ह्यानंच डोळे चालले तुमचे!" म्हटलं, ऐकू येतं ना? "येतं गं."

लग्न झाल्यापासून हेच. देवळामागं चोरून बिडी ओढू नका — येतं गं. उन्हात हिंडू नका — येतं गं. आणि करायचं ते स्वतःच्याच मनाचं!

१५ जानेवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. तेच माझ्यावर चिडले! "काही अभ्यासांत संबंध दिसला, काहींत नाही दिसला. एकमत नाही. पण ही गोळी मनानं सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. जीव जाईल. अजिबात बंद करायची नाही. डोळ्यांसाठी आधी बिडी सोडवा त्यांची."

मग हे आधी सांगायला काय झालं होतं? छापणारे छापतात, पाठवणारे पाठवतात, रक्त आटतं आमचं!

ह्यांना सगळं सांगितलं. गोळी चालूच ठेवायची, कळलं? "बरं." भिंतीशी बोलावं तसं.

२ फेब्रुवारी

गोळी दिली. पाणी प्यायले. बिडीचा वास पुन्हा!!

१९ फेब्रुवारी

आज गंध बराबर कपाळावर बसलं. घरी येऊन लेकरासारखे खूश — "कालिंदी, फरक पडून राहिला!" कशानं? नुसते हसले. म्हटलं, मग बिडी पण सोडा, अजून पडेल. तर उठून गेले! इतका राग आला की चहा दिलाच नाही.

२८ फेब्रुवारी

हे गेले.

रविवारी आरती करता करता कोसळले. नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कधीपासून बंद आहे?" मी अंगावरच गेले त्यांच्या — रोज माझ्या हातानं देते, बंद कशी असेल! तेव्हा हे मास्कखालून बोलले. "जिभेखाली धरायचो. देवळात गेलो की निर्माल्यात टाकायचो. तूच म्हणालीस ना, विष आहे."

आयुष्यात एकदा माझं ऐकलं ह्या माणसानं.