काशम्माची आरोळी

मी, सोजरबाई गेनू शिरसट, वय एकाहत्तर, धंदा विड्या वळणे (बोटं ऐकेनात म्हणून आता बंद), राहणार विडी घरकुल, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. शाळा पाहिली नाही. अक्षरं बंडलावरच्या लेबलांवरून शिकले, तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी. डोकं ठिकाणावर आहे. कुणी भरीस घातलेलं नाही. लाज तेवढी पाठीस लागली आहे.

१. दोन खोल्यांचं घर मुलगा इंद्रजीत याला. गळका पत्रा त्यानं बदलावा. मी सांगून थकले.

२. जाऊबाई म्हाळसाबाई हिला काही नाही. सासूबाईंचा पितळी हंडा तिनं न विचारता नेला, तोच तिचा वाटा.

३. विड्यांचं सूप आणि कात्री नात पायल हिला. तिनं विड्या वळू नयेत, पण तिचा बाप कशावर शिकला ते विसरू नये. मोबाईल आणि त्यातला ‘सोजरआज्जीची गंमत’ हा चॅनलही तिचाच. डब्यावर धरलेले ठेके, नकला, सगळं राहू द्यावं. माझ्या मयतीचा व्हिडिओ मात्र काढू नये. एक व्हिडिओ मी पुसायला लावला, पण तोवर लोकांनी तो उचलून गावभर केला होता.

४. तो काशम्माचा. ती बावीस वर्षं आमच्या गल्लीत कडक भाकरी विकते. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून तिची आरोळी शेवटाला फाटते. “लई लाज वाटती गं सोजरक्का, पण पोट हाय की,” हे माझ्या उंबऱ्यावर बसून ती फक्त मला बोलली होती. आणि मी काय केलं? डोक्यावर टोपली घेतली, पदर तिच्यासारखा खोचला आणि नेमका तो फाटका शेवट काढला. पायल हसून लोळली. लाखभर लोकांनी बघितलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

आता पोरं तिच्या मागून तसंच ओरडतात. तिनं आरोळी सोडली. मुक्यानं दारोदार कड्या वाजवत फिरते. शेजारच्या शांतम्माची कडी वाजते, पलीकडची वाजते, माझी नाही. आठ महिने झाले.

५. म्हणून माझी सोन्याची बोरमाळ काशम्माला द्यावी, आणि इंद्रजीतनं माझ्या वतीनं तिच्या पाया पडावं.

६. हे कलम मागाहून घातलं आहे. साक्षीला आलेले प्रभुलिंग मास्तर वरचं वाचून म्हणाले, “सोजरबाई, मेल्यावर माफी? तीपण पोराच्या हातून? लोकांचे आवाज काढताना बरी जीभ चालती तुमची!” उठले, आणि काशम्मालाच घेऊन आले. तिच्यापुढं मला सगळं मोठ्यानं वाचावं लागलं. चौथं कलम वाचताना मान वर झाली नाही.

ती मास्तरांना म्हणाली, “साक्षीदाराला कायबी मिळत न्हाय म्हणत्यात. खरं हाय?”

“वकील तसंच सांगतात.”

“मग दुसऱ्या साक्षीला माझा अंगठा घ्या. माळ नको मला.”

मी म्हटलं, “मग मी काय करू गं?”

“उद्या टोपली घिऊन माझ्यासंगं चल. गल्लीभर तू ओरड. माझ्यावानी न्हाय, तुझ्या आवाजात. पोरं हसू देत की तुला.”

सबब पाचवं कलम रद्द. बोरमाळ पायलला. सकाळी आठला मी जाणार आहे. आजवर गल्लीतल्या सगळ्यांचे आवाज काढले. माझा कुणी ऐकलेला नाही.

लिहून देणार: सोजरबाई गेनू शिरसट (सही)

साक्षीदार:
१. प्रभुलिंग हत्तुरे, निवृत्त शिक्षक (सही)
२. काशम्मा सिद्धप्पा बिराजदार, भाकरी विक्री (अंगठा)

सोलापूर, १४ डिसेंबर २०२५