मायच्या छातीवरची पट्टी

ता. दर्यापूर
१४ डिसेंबर २०११

प्रिय ज्योत्स्नाताई,

धाकट्या धर्मपालचा मनापासून जयभीम. अकोल्यात सगळी बरी असाल, भाऊजींचा गुडघा वाकू लागला असेल. (नसला तर वाकवू नका.) इकडे माय ठणठणीत आहे, आणि ते कसं कळलं तेच लिहितो.

कापूस बुडायला लागल्यापासून गावात पाहणीच्या गाड्या एवढ्या येतात की कुत्र्यांनी भुंकणं सोडलं. त्यातल्याच एका दवाखान्याच्या गाडीतून मायच्या छातीवर चिकटवायची पट्टी आली. बटणाएवढ्या सेलवर ती महिनाभर चालते, काळजाच्या ठोक्यांची खबर वायरीशिवाय, सोबत आलेल्या, फळीवर ठेवलेल्या डबीला देते, आणि डबी ती दर्यापूरला सरकारी दवाखान्यातल्या मैना सिस्टरच्या मोबाइलवर धाडते. (मायनं पहिल्याच दिवशी डबीवर फडकं टाकलं. तिला वाटलं, ती पाहतेही.)

आठवड्यात सिस्टरचा फोन आला, की मायचे ठोके दुपारी तीननंतर चुकतात, तिला झोपवून ठेवा. मी शिलाईचं दुकान उघडं टाकून धावलो, तर माय ओसरीवर शेजारच्या खुर्शीदबीसोबत तुरीच्या शेंगा सोलत हसत होती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सिस्टर भरल्या जीपला लटकून स्वतः आली. मायची नाडी पाहिली, ती घड्याळासारखी. मशीन बिघडली असेल म्हणून तिनं पट्टी मागितली. मग खुर्शीदबीनं मान खाली घालून, स्वतःच्या पदराआडून पट्टी काढून दिली.

रोज दुपारी मायच तिला लावून देत होती. खुर्शीदबीचा मुलगा शाकीब कामासाठी सुरतेला गेलेला, तिला दम लागतो हे एकट्या मायला ठाऊक. सिस्टर रागावली, पट्टी तुमच्या नावावर आहे म्हणाली.

माय म्हणाली, "नाव माह्यं राहू दे. जीव तिचा घाबरून राहिला. तिले पाहनारं कोनी नाही."

सिस्टरनं खुर्शीदबीचं मनगट धरून नाडी पाहिली. त्याच जीपनं खुर्शीदबीला अमरावतीला नेलं. आणखी आठ दिवस गेले असते तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. माय दहा दिवस तिच्या उशाशी होती. परवा दोघी परतल्या आणि चपला काढायच्या आत, कोणाचं काळीज जास्त नाजूक यावरून भांडल्या. डबी आपल्याकडे, म्हणून खुर्शीदबी आता आपल्याच घरी झोपते.

भाऊजींना जयभीम, लेकरांना माया.

तुझा,
धर्मपाल

ता. क. पट्टी आता खुर्शीदबीच्या नावावर झाली. मायला दुसरी मिळणार आहे.

ता. क. काल खुर्शीदबी आंघोळीला गेली तेव्हा गंमत म्हणून पट्टी मी लावून पाहिली. सिस्टरचा लगेच फोन, की ठोके फार चुकतायत, खुर्शीदबीला आजच्या आज डॉक्टरकडे न्या. मी हो म्हटलं आणि पट्टी जागेवर ठेवली. ताई, सोमवारी अकोल्याला येतो, डॉक्टरकडे नंबर लावून ठेव. मायला सांगितलंय, दुकानासाठी अस्तर आणायला जातो. तिनं आधी फळीवरच्या डबीकडे पाहिलं, मग माझ्या छातीकडे. मग म्हणाली, "अस्तर पाहाले ज्योत्स्नाले संग ने."