शेजारची सीट

आडेनाऊ, १२ नोव्हेंबर

प्रिय स्वेन्या,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. इथे सगळं ठीक. काल सेंट मार्टिनचे कंदील घेऊन मुलं येऊन गेली. शेजारच्या केसेनिखबाईंनी भट्टीत भाजलेला बटाट्याचा देपेकूखन दिला, तीन दिवस सहज पुरेल. रेसच्या ट्रॅकचा हंगाम संपत आलाय, त्यामुळे गॅरेजात काम कमी आणि गप्पा जास्त. गुडघा कुरकुरतो. तुला पाचवा महिना लागला हे वाचल्यावर पत्र खिशात ठेवलं आणि दिवसभर काढून काढून पाहिलं.

आता तुमचं नवराबायकोचं गाडीवरून चाललेलं भांडण. ताम्मोला ट्रॅकसाठीच बनवलेली दोन दारांची हवी, तुला चार दारांची पण पळणारी. "बाबा, तूच सांग. तू खोटं बोलत नाहीस," असं लिहिलंयस.

आधी मेकॅनिक म्हणून सांगतो. चार दारांची गाडी वळणावर थोडी झुकते, अंगाने जड असते, जोरात हाणली तर तिसऱ्या फेरीला ब्रेक दमतात. पण पावसात घरी आणते. मागे बाळाची सीट बसते, डिकीत बाबागाडी मावते, आणि रस्ता मोकळा मिळाला तर तुला हसू फुटेल इतकी पळते. ट्रॅकची गाडी वेगळीच. रस्त्यावरचा खडासुद्धा पाठीला कळतो. ती जे देते ते दुसरी कुठलीच देत नाही, हे मी आजही म्हणेन. पण तिचे टायर तापल्याशिवाय डांबर धरत नाहीत. थंडीत पाव आणायला निघालं तरी चौकात घसरते. आणि तिला एकेक किलो खुपतो. आधी गालिचा जातो, मग रेडिओ, मग मागची सीट. इकडे सगळेच करतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

आपली करडी चार दारांची आठवते ना? तिच्या मागच्या सीटवर तू चेरीचा अख्खा केक सांडला होतास. ती विकून मी ट्रॅकची पिवळी आणली तेव्हा तुझी आई म्हणाली, "साठीला आलास आणि खेळणं घेऊन आलास! बायकोला कुठे बसवणार, टपावर?"

मध्येच उठून कॉफी करून आलो. ती गार होईपर्यंत नुसता बसलो होतो.

तुला ठाऊक आहे, लोकांसाठी ट्रॅक खुला असतो त्या दिवशी वेळ मोजायला बंदी असते, म्हणून प्रत्येक जण मोजतो. एका फेरीची, पुलापासून कमानीपर्यंत. मी आठ मिनिटं चार सेकंदांवर अडकलो होतो. त्या शुक्रवारी मी शेजारची सीटही काढायला घेतली. आईने बोल्ट धरायला मदत केली. "काढ एकदाची," म्हणाली, "तिच्यात बसले की कंबर दोन दिवस माझी राहत नाही." दोघांनी मिळून सीट तळघरात नेली. धूळ बसू नये म्हणून तिने ती जुन्या चादरीत गुंडाळली, वर गाठ मारली.

शनिवारी सकाळी सात मिनिटं अठ्ठावन्न सेकंद लागले. घरी पोचताच मी धावत स्वयंपाकघरात आलो. आधी आकडा सांगितला, मग तिच्याकडे पाहिलं. ती टेबलाशी बसली होती. तोंड एका बाजूला ओघळलेलं. काहीतरी म्हणायचं होतं तिला, जमत नव्हतं.

अँब्युलन्सवाले फोनवर म्हणाले, "मोठ्या रस्त्यावर अपघात आहे, वळसा घालून येतोय." केसेनिखबाईंची गाडी मुलाने नेलेली. चाळीस मिनिटं लागली. हॉस्पिटल तेरा मिनिटांवर आहे, जंगलातल्या रस्त्याने, आणि तो रस्ता मोकळा होता. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर कदाचित. 'कदाचित' म्हणाले, एवढंच.

मी तुला सांगितलं होतं की गाडीची बॅटरी गेली होती. तू स्मशानात माझा हात धरून म्हणालीस, "बाबा, बॅटरीला कोण काय करणार?" चार वर्षं दर रविवारी अकराला फोन करतेस, जेवलास का विचारतेस, आणि मी ते सगळं घेत आलो.

बॅटरी चांगली होती, स्वेन्या. गाडी अंगणात उभी होती, इंजिन अजून गरम होतं. तिच्या आत एकच सीट होती. मी आईला उचलून गाडीपर्यंत नेलंही. दार उघडलं. उघडा पत्रा आणि चार बोल्टांची भोकं. पट्टा नाही, पाठ टेकायला काही नाही. तिला पत्र्यावर निजवून न्यायची हिंमत झाली नाही. मी तिला परत आत आणलं. आता वाटतं, न्यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी वाटतं, नको होतं. असेच दिवस जातात.

ताम्मोवर रागावू नकोस. तो वाईट नाही, मीही नव्हतो. पण चार दारांची घ्या. त्याने ऐकलं नाही तर हे पत्र त्याला वाचायला दे.

मागच्या आठवड्यात मी सीट तळघरातून वर आणली, परत बसवावी म्हणून. चादरीवरची गाठ आईच्या हातची आहे. सोडवली नाही. सीट बाकावर तशीच आहे.

रविवारी अकराला मी फोनजवळ असेन. वाजला नाही तरी बारापर्यंत बसेन.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
बाबा